स्वयंपाकघरातलं कोकरू

मामा गुडघ्याच्या तपासणीसाठी आमच्याकडे राहायला आले होते. संध्याकाळी मी लॅपटॉपवर अमेरिकन नाटककार सॅम शेपर्डच्या ‘कर्स ऑफ द स्टार्व्हिंग क्लास’ या नाटकाच्या एका प्रयोगाचं चित्रण बघत बसले होते. मामा चहाचा कप घेऊन शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. त्यांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे ते नुसतंच बघत होते. रंगमंचावर एक कळकट स्वयंपाकघर, मधे टेबल, बाजूला फ्रिज, आणि त्या स्वयंपाकघरातच फळ्यांचं कुंपण घालून आत ठेवलेलं खरंखुरं, जिवंत कोकरू. ते मधेच ओरडायचं आणि नटांना थांबावं लागायचं. मामा पुढे झुकले. “हे घरात कशाला आणलंय?” मी सांगितलं, आजारी आहे, अळ्या पडल्यात त्याला. “मग बरोबर आहे. बाहेर ठेवलं तर माशा परत बसणार,” असं म्हणून त्यांनी चहाचा घोट घेतला. बऱ्याच वेळाने, पडद्यावरची नजर न काढता, ते म्हणाले, “लिहिणारा माणूस जनावरांतला दिसतोय.”

एवढंच. पण ते वाक्य पुढे कित्येक दिवस माझ्या डोक्यात घोळत राहिलं. मी त्या नाटकाबद्दल बरंच वाचलं होतं. कोकरू म्हणजे बळी, कोकरू म्हणजे ख्रिस्त, कोकरू म्हणजे अमेरिकेचं हरवलेलं निष्पापपण, हे सगळं मला पाठ होतं आणि त्यात खोटं काही नाही. मामांनी मात्र आधी कोकरू बघितलं. त्याला काय झालंय, ते कुठे ठेवलंय, ठेवणाऱ्याला अक्कल आहे का, या क्रमाने बघितलं. आणि एक शब्दही न कळता, नाटककाराच्या चरित्रातली जी गोष्ट मला पुस्तकातून समजली होती, ती त्यांनी कुंपणाकडे बघून ओळखली.

रँच म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घोडे, टोप्या आणि मैलोन्‌मैल कुरणं येतात. शेपर्ड ज्या रँचवर वाढला ती तशी नव्हती. लॉस एंजलिसच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या दुआर्तेजवळची ती जागा. अव्होकाडोची बाग, थोड्या मेंढ्या, कोंबड्या, घोडे. त्याचा जन्म १९४३चा, इलिनॉयमधला. वडील लष्करी हवाई दलात, त्यामुळे लहानपण या तळावरून त्या तळावर, अगदी प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटापर्यंत फिरण्यात गेलं आणि मग हे कुटुंब कॅलिफोर्नियात स्थिरावलं. मुलाचं खरं नाव सॅम्युएल शेपर्ड रॉजर्स, वडिलांचंही तेच, आजोबांचंही तेच. घरात त्याला स्टीव्ह म्हणायचे. हा स्टीव्ह फोर-एचमध्ये होता, म्हणजे गावाकडच्या मुलांना पिकं आणि जनावरं सांभाळायला शिकवणाऱ्या मंडळात. मेंढ्या कातरायचा, तबेल्यात राबायचा, संत्री तोडायला जायचा. त्याला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी माउंट सॅन अँटोनियो कॉलेजात शेतीच्या अभ्यासाला नावही घातलं. तिथेच बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ त्याच्या हाती पडलं. एक झाड आणि वाट बघणारी दोन माणसं. मेंढ्यांमागे ज्याने दिवस काढलेत, त्याला ते नाटक दुर्बोध वाटलं नसावं, असं मला वाटतं. न येणाऱ्या कशाची तरी वाट बघत उघड्या माळावर ताटकळणं त्याने आधीच भरपूर पाहिलेलं असणार.

वडिलांबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बॉम्बफेकी विमानं चालवली. पुढे शिकून शिक्षक झाले, स्पॅनिश शिकवायचे, बाग आणि जनावरंही सांभाळायचे. आणि प्यायचे. घरात भांडणं व्हायची, वस्तू फुटायच्या. शेवटी वडील वाळवंटाकडे निघून गेले आणि एकटे राहू लागले. ‘कर्स’ सुरू होतं तेव्हा मुलगा वेस्ली एका एकचाकी हातगाडीत दाराच्या फुटलेल्या फळ्या गोळा करत असतो. रात्री बापाने दारूच्या नशेत दार फोडलेलं असतं. कोणी रडत नाही, कोणी आश्चर्य करत नाही. मुलगा नुसत्या फळ्या उचलतो. मला या नाटकातलं सगळ्यात खरं दृश्य हेच वाटतं. दारुड्याच्या घरात सकाळी आधी झाडलोट होते, बोलणं नंतर, किंवा कधीच नाही. फळ्या उचलता उचलताच वेस्ली रात्रीची गोष्ट सांगू लागतो. तो अंथरुणात पडलेला आहे, हवेत अव्होकाडोच्या मोहराचा वास आहे, वर त्याची खेळण्यातली विमानं टांगलेली आहेत, आणि लांबून बापाच्या गाडीचा आवाज जवळ येतोय. मोहराचा वास आणि पोटातला गोळा एकाच श्वासात. आंब्याच्या मोहराच्या दिवसांत अंगणात खाटेवर झोपून कोणाच्या तरी परतण्याचा कानोसा घेतलेली पोरं आपल्याकडेही आहेत. त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

मग तो पळाला.

चर्चमधून नाटकं करत गावोगाव हिंडणारी बिशप्स कंपनी नावाची एक फिरती मंडळी होती, तिच्यात तो १९६२मध्ये शिरला. या गावातून त्या गावात, चर्चमध्ये पडदा बांधायचा, प्रयोग करायचा, गाडीत बसून पुढे जायचं. न्यूयॉर्क आलं तेव्हा तो उतरला आणि तिथेच राहिला. व्हिलेज गेट नावाच्या जॅझच्या क्लबात उष्ट्या थाळ्या उचलायचं काम मिळालं. राहायला दुआर्तेचाच जुना मित्र सोबतीला होता, चार्ल्स मिंगस या थोर जॅझ वादकाचा मुलगा. त्याच क्लबात राल्फ कुक नावाचा हेड वेटर होता आणि त्याच्या डोक्यात नाटक होतं. सेंट मार्क्स चर्चमध्ये त्याने ‘थिएटर जेनेसिस’ सुरू केलं आणि ऑक्टोबर १९६४मध्ये या पोऱ्याच्या दोन एकांकिका लावल्या. पहिलीचं नाव ‘काऊबॉइज’. शेपर्ड तेव्हा एकविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता. घरातलं स्टीव्ह आणि रॉजर्स दोन्ही मागे टाकून तो आता सॅम शेपर्ड झाला होता. तिथून पुढची पन्नास वर्षं तो नाटकं लिहीत राहिला. एकांकिका धरून पन्नासाच्या वर भरतील एवढी. ‘ऑफ ब्रॉडवे’साठी, म्हणजे न्यूयॉर्कच्या छोट्या नाट्यगृहांतल्या नाटकांसाठी, दिली जाणारी ओबी पारितोषिकं दहा मिळाली, ‘बरीड चाइल्ड’ला १९७९चं पुलित्झर मिळालं. पारितोषिकांवर मी जास्त रेंगाळत नाही, त्यालाही त्यांत फार रस नव्हता.

सुरुवातीच्या नाटकांत रॉक संगीत आहे, सिनेमातल्या प्रतिमा आहेत, लांबलचक स्वगतं आहेत आणि तरुण माणसाची घाई आहे. ती मला पूर्णपणे आवडत नाहीत. दाद द्यावीशी वाटते, पण जवळ जावंसं वाटत नाही. तो माझ्या जवळ आला तो तिशी उलटल्यावर, घराकडे वळून बघू लागल्यावर. ‘कर्स’ पहिल्यांदा १९७७मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये झालं आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये. ‘बरीड चाइल्ड’ १९७८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅजिक थिएटरमध्ये, ‘ट्रू वेस्ट’ तिथेच १९८०मध्ये. या नाटकांत रंगमंचावर येणाऱ्या वस्तू बघा. आर्टिचोक नावाच्या भाजीचं पोतं, कोकरू, मक्याची कणसं, गाजरं, टोस्टर. दाखवण्यापुरतं काही नाही. ‘कर्स’मधला बाप अंघोळ करून, शुद्धीवर येऊन खऱ्या हॅमची आणि अंड्यांची न्याहारी बनवतो तेव्हा पहिल्या रांगेपर्यंत तळणाचा वास जातो. वेस्लीच्या धाकट्या बहिणीने, एमाने, फोर-एचच्या प्रात्यक्षिकासाठी स्वतः वाढवलेली, स्वतः मारून साफ केलेली कोंबडी आईने परस्पर उकळत टाकली म्हणून ती घर डोक्यावर घेते. शहरी प्रेक्षक तिथे हसतो. तिचं दुःख मात्र हसण्यासारखं नाही. उबवण्यापासून सांभाळलेल्या पक्ष्यावर तिचा हक्क होता आणि घरात कोणालाच तो दिसला नाही.

आणि मग जमीन. ‘कर्स’मधल्या नवरा-बायकोंचं एकमेकांशी धड बोलणं नाही, पण दोघांनीही घर आणि जमीन विकायचं गुपचूप ठरवलंय. दोघांनी दोन वेगळ्या माणसांना शब्द दिलाय. तिच्याकडे टेलर नावाचा चकचकीत वकील येतो. त्याच्या बोलण्यातून समजतं की आज ना उद्या ही सगळी जमीन घरांखाली जाणार आहे आणि त्याला कोणीही अडवू शकत नाही. नवऱ्याने बारच्या मालकाला कवडीमोलाने जमीन लिहून दिली आहे. आता वाचताना अंगावर काटा येतो, कारण दुआर्तेच्या परिसराचं पुढे तेच झालं. बागा गेल्या, हमरस्ते आले, सारख्या नकाशाची घरं आली. माझ्या आजोळचं गावही आता शहराला चिकटलंय. ज्या रानात आम्ही शेंगा भाजल्या तिथे सिमेंटचे खांब पुरून, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेत, वर एनए झाल्याचा फलक. कोणी इसार घेतला, सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं निघाली, भावाने भावाला न सांगता कागद कसा केला, या गोष्टी तिथे लग्नाच्या पंगतीत चालतात. गाड्या आल्या, मजले चढले, काहींची पोरं शिकून बाहेर पडली. म्हणून मला ‘जमीन विकू नका’ असं कोणाला सांगता येत नाही. कोरडवाहू चार एकरांवर कोणी काय म्हणून अडकून राहावं? पण विकल्यावर त्या घरांत जी एक रिकामी चिडचिड शिरते, दिवसभर माणूस उठून फ्रिज उघडतो आणि बंद करतो, तिला आपल्याकडे अजून नाव मिळालेलं नाही. शेपर्डच्या नाटकात सगळे सतत फ्रिज उघडतात. आत काही नसतं. ‘आपण काही उपाशी वर्गातले नाही’ असं एकमेकांना बजावतात आणि पुन्हा उघडून बघतात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याच्या महेश एलकुंचवारांनी ‘वाडा चिरेबंदी’ त्यानंतर थोड्याच वर्षांनी, ऐंशीच्या दशकात लिहिलं. देशपांड्यांच्या अंगणात गंजत पडलेला तो ट्रॅक्टर आठवतो ना? एक माणूस विदर्भातल्या जमीनदार घरातला, दुसरा कॅलिफोर्नियातल्या मेंढ्यांमधला. दोघांनी एकमेकांकडून काही घेतलं असेल असं मला सुचवायचं नाही. दोघांनी जमिनीशी बांधलेलं घर आतून बघितलं होतं, आणि बाहेरच्यांना जो कणखरपणा दिसतो त्याच्या आत काय सडतं ते त्यांना ठाऊक होतं. वाड्यातल्या माणसांना निदान तालेवारपणाची आठवण तरी होती. शेपर्डच्या माणसांना तीही नाही. त्यांच्या आधीच्या पिढीतही कोणीतरी कुठून तरी पळूनच आलेलं असतं.

‘बरीड चाइल्ड’ मला अधिक अस्वस्थ करतं. इलिनॉयमधलं शेतघर, सोफ्यावर खोकत पडलेला म्हातारा डॉज, गादीखाली दडवलेली व्हिस्कीची बाटली. थोरला मुलगा टिल्डन पावसातून आत येतो आणि त्याच्या हातांत मक्याच्या कणसांचा भारा असतो. डॉज सांगतो की मागच्या रानात १९३५पासून काही पेरलेलंच नाही, कुठून चोरलीस ती तिथे परत ठेवून ये. टिल्डन शांतपणे बसून कणसं सोलतो आणि म्हातारा झोपल्यावर तो सगळा पाला त्याच्या अंगावर पसरतो. न पेरलेल्या रानाने पीक का द्यावं याचं उत्तर नाटकाच्या शेवटी मिळतं. त्या रानात एक तान्हं मूल पुरलेलं असतं आणि ते कोणाचं, कोणी मारलं, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. शेतकऱ्याला हे भुताखेताचं वाटत नाही. जिथे काही पुरलंय तिथे हिरवं जास्त येतं, हे त्याला बांधावर दिसतं.

हे नाटक न्यू मेक्सिकोतल्या सांता फेमध्ये लागलं तेव्हा शेपर्डचे वडील ते बघायला गेले. ही हकिकत शेपर्डनेच एका मुलाखतीत सांगितली आहे. तो स्वतः तिथे नव्हता, त्याच्या कानावर आली. वडील भरपूर पिऊन आले होते. नाटकातली माणसं आपल्याच कुटुंबातली आहेत हे त्यांना उमगलं आणि दुसऱ्या अंकात ते उभे राहून नटांशी बोलू लागले, ओरडू लागले. नाट्यगृहातल्या माणसांनी त्यांना बाहेर काढायचा प्रयत्न केला, त्यांनी प्रतिकार केला, आणि हे नाटककाराचे वडील आहेत हे कळल्यावर त्यांना आत बसू दिलं. मी हा प्रसंग अनेकदा मनात उभा करून पाहिला आहे. प्रेक्षकांत बसलेल्या सगळ्यांपैकी त्या एका माणसाला ते नाटक खोटं म्हणायचा अधिकार होता आणि तेवढाच एक माणूस ते पूर्ण खरं आहे हे जाणत होता. मुलाने घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडली याचा संताप असेल. आपण त्याच्यासाठी एवढे मोठे होतो याचं सुखही असेल कदाचित. १९८४मध्ये याच न्यू मेक्सिकोत, रस्त्यावर गाडीची धडक बसून ते गेले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘अ लाय ऑफ द माइंड’मध्ये असाच रस्त्यावर मेलेला एक बाप आहे, त्याची राख आहे, त्याने मागे ठेवलेलं लष्करी सामान आहे.

बापावर एवढं लिहिणाऱ्याने आयांवर कमी लिहिलं, ही माझी तक्रार आहे. त्याच्या नाटकांतल्या बायका बऱ्याचदा पुरुषांच्या मारामारीच्या कडेला उभ्या असतात. शिवाय तो स्वतःही निघून जाणाऱ्यांतलाच निघाला. कवयित्री-गायिका पॅटी स्मिथबरोबर १९७१मध्ये ‘काऊबॉय माउथ’ लिहून, स्वतः त्यात काम करून, एका प्रयोगानंतर तो नाहीसा झाला. पुढे पहिली बायको आणि मुलगा सोडून अभिनेत्री जेसिका लँगबरोबर गेला. नाटकात ज्या फुटलेल्या दाराच्या फळ्या मुलगा उचलतो, ते दार त्यानेही आपल्या परीने फोडलं. त्याला हे दिसत नव्हतं असं नाही. ‘कर्स’च्या शेवटाकडे वेस्ली बापाचे टाकून दिलेले, मळके कपडे अंगात घालतो आणि सांगतो की बाप आत शिरतोय असं वाटलं. स्वतःबद्दल एवढं स्पष्ट लिहून ठेवणाऱ्या माणसाला आपण आणखी काय सुनवायचं, असं एक मन म्हणतं. दुसरं मन त्या मुलाचा विचार करतं.

सिनेमाने त्याला पैसे दिले आणि तो चेहरा दिला जो लोकांना माहीत आहे. ‘डेज ऑफ हेवन’मध्ये तो गव्हाच्या अफाट शेतांचा आजारी मालक झाला, ‘द राइट स्टफ’मध्ये वैमानिक चक येगर झाला आणि त्यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. बॉम्बफेक्या वैमानिकाचा हा मुलगा स्वतः विमानात बसायला घाबरायचा. शेकडो मैल गाडी हाकत जायचा. सिनेमाच्या पैशांतून त्याने काय घेतलं? जमीन आणि घोडे. कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया, मिनेसोटा, आणि शेवटी केंटकीतल्या मिडवेजवळचं घोड्यांचं शेत. सकाळी घोडे, मग टाइपरायटर. संगणक त्याने लिहायला कधी वापरला नाही.

शेवटच्या काळात त्याला एएलएस झाला, स्नायू एकेक करून निकामी करणारा आजार. ज्या हातांनी मेंढ्या कातरल्या आणि टाइपरायटरच्या कळा बडवल्या ते हात आधी गेले. ‘स्पाय ऑफ द फर्स्ट पर्सन’ हे शेवटचं पुस्तक त्याने हाताने लिहायला घेतलं, ते जमेना तेव्हा रेकॉर्डरवर बोलला, तेही अवघड झालं तेव्हा घरच्यांना सांगून लिहवून घेतलं. बहिणी आणि मुलं उतरवून घेत होती. संपादनाला पॅटी स्मिथ होती, तीच, जिला सोडून तो पळाला होता. २७ जुलै २०१७ला केंटकीतल्या घरी, घरची माणसं आसपास असताना तो गेला. वय ७३. नाटकाला दिलेली वर्षं त्यातली पन्नास. पळून जाणाऱ्या माणसांवर आयुष्यभर लिहिलेल्या माणसाला शेवटी ताटकळणारी माणसं मिळाली, याचं मला बरं वाटतं, आणि का वाटतं ते नीट सांगता येत नाही.

‘कर्स’ मराठीत व्हावं अशी माझी फार इच्छा आहे, आणि ते मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित नाट्यगृहात होऊ नये. तालुक्याच्या गावी, बाजार समितीच्या शेडमध्ये, कांद्याच्या वासात व्हावं. दूध सोसायटीचे सभासद, इसार दिलेले आणि इसार घेतलेले, हिस्सा न मिळालेल्या बहिणी, प्लॉटिंगवाले, तलाठी, सगळ्यांना बोलवावं. नाटकाच्या शेवटाकडे एक गोष्ट येते. बाप उघड्यावर कोकरं खच्ची करतोय, कापलेलं शेडच्या पत्र्यावर फेकतोय, आणि एक गरुड ते उचलायला पुन्हा पुन्हा झेप घेतोय. मग एक बोका पत्र्यावर चढतो, गरुड त्याला घेऊन उडतो, आणि आकाशात दोघं एकमेकांना फाडत राहतात, गरुड त्याला सोडायला बघतो, पण बोका सोडत नाही, कारण सोडलं तर तो पडून मरणार. पुण्यात ही गोष्ट प्रतीक म्हणून ऐकली जाईल. शेडमधली माणसं खच्ची करण्याच्या वर्णनाला आधी मोकळेपणाने हसतील, अनुभवाने हसतील, एखादा म्हातारा मधेच चूकही काढेल. मग बोका वर जाईल. तिथे ती कधी गप्प होतात, नवरा बायकोकडे बघतो का, भाऊ भावाकडे बघतो का, हे मला मागच्या रांगेतून बघायचंय.